माळ्यावरून उतरवलेला व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर : काय बदलावे आणि कशाला हात लावू नये

आपल्या प्रश्नाचा गोषवारा आधी देतो, कारण उत्तरातील पुष्कळशा गोष्टी त्यातील तपशिलावर अवलंबून आहेत. आपल्या काकांनी अमेरिकेहून परत येताना आणलेला, १९७० च्या आसपास बनलेला फेंडर डिलक्स रिव्हर्ब हा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर सदाशिव पेठेतील घराच्या माळ्यावर कित्येक वर्षे पडून होता. शेवटच्या वेळी लावला तेव्हा तो घुमत होता, आवाज दबका येत होता आणि अखेर फ्यूज उडाला, एवढे घरच्यांच्या लक्षात आहे. आता दुरुस्ती करणाऱ्या एका गृहस्थांनी सगळे कंडेन्सर (म्हणजेच कपॅसिटर), सगळे रेझिस्टन्स आणि सगळे व्हॉल्व्ह एकदम बदलण्याचा सल्ला दिला आहे. तो मानावा का, आणि सोल्डरिंग बऱ्यापैकी येणाऱ्या माणसाने यातले स्वतः काय करावे, असे आपण विचारले आहे.

तो सल्ला मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या यंत्रात तीनच गोष्टी अशा आहेत, की ज्या न तपासता बदलाव्यात किंवा काढाव्यात : मेन्सची वायर, त्या वायरीपासून चासीला (यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला) जोडलेला एक छोटा कपॅसिटर, आणि सर्व इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. बाकी प्रत्येक भाग मीटर लावून तपासावा आणि आकडा चुकलेला दिसला तरच काढावा. सरसकट बदल करणाऱ्याला मूळ दोष कोणता होता हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि शंभर नवे सांधे मारताना त्यातले दोन कच्चे राहिले तर जुन्या दोषाच्या जागी नवा दोष येऊन बसतो. शिवाय हे अ‍ॅम्प त्यांच्या मूळ भागांसह जपलेले असले तर त्यांची किंमतही वेगळी होते. काढलेला भाग परत बसवता येत नाही.

सर्वांत आधी : तो अजून प्लगला लावला नसेल तर लावू नका. इतकी वर्षे पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला ऑक्साइडचा थर क्षीण झालेला असतो. त्यांच्यावर एकदम ४०० व्होल्टहून अधिक दाब आला तर ते जवळजवळ शॉर्टसारखे वागतात, आणि त्याची झळ रेक्टिफायर व्हॉल्व्हला (एसीचा डीसी करणाऱ्या) व पॉवर ट्रान्सफॉर्मरला लागते. कपॅसिटर पुन्हा मिळतील, पण मूळ ट्रान्सफॉर्मर मिळणार नाही.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. आज हे कपॅसिटर रिकामे असतील, परंतु दुरुस्तीच्या काळात एकदा वीज दिली की बंद केल्यावरही त्यांत जीवघेणा दाब शिल्लक राहू शकतो. ते रिकामे करण्यासाठी स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडण्याची जी पद्धत काही ठिकाणी दिसते ती अजिबात वापरू नये. १० किलोओहम, १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टन्स घ्यावा, त्याच्या दोन्ही टोकांना इन्सुलेशन असलेल्या क्लिपा लावाव्यात, एक टोक चासीला व दुसरे कपॅसिटरच्या धन टोकाला जोडून दहा-पंधरा सेकंद थांबावे आणि मग मीटरने शून्याची खात्री करावी. त्या वेळी स्टँडबाय स्विच वाजवण्याच्या स्थितीत ठेवावा, अन्यथा त्याच्या अलीकडचे कपॅसिटर तसेच भरलेले राहतील. चालू यंत्रात मोजताना एक हात खिशात ठेवण्याचा जुन्या रेडिओ मेकॅनिकांचा शिरस्ता आजही तितकाच योग्य आहे. हे वाचून मनात धाकधूक वाटत असेल, तर आपण बाहेरची सफाई, छायाचित्रे आणि थंड स्थितीतील मोजमापे एवढेच करावे व पुढचे काम जाणकाराकडे द्यावे. त्यात कमीपणा काही नाही.

आता पुण्यातल्या विजेचा प्रश्न, जो अमेरिकेत लिहिल्या गेलेल्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. हा अ‍ॅम्प साधारण ११७ ते १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी बनलेला आहे. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. व्होल्टेज स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मरने उतरवता येते, परंतु हर्ट्झ उतरवता-चढवता येत नाहीत. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडातला चुंबकीय प्रवाह व्होल्टेज भागिले वारंवारता या प्रमाणात असतो. म्हणजे १२० व्होल्ट ५० हर्ट्झवर दिले तर तो मूळच्या सव्वापट नाही, पण २० टक्क्यांनी अधिक होतो. लोखंड संपृक्ततेच्या जवळ जाते, ट्रान्सफॉर्मर अधिक तापतो आणि स्वतःच गुणगुणू लागतो. मूळ प्रमाण राखायचे तर १०० व्होल्टच द्यावे लागतील. पण मग व्हॉल्व्हच्या हीटरला (आतल्या तापणाऱ्या तारेला) ६.३ च्या जागी सव्वापाच व्होल्ट मिळतील आणि त्याने तापवायचे कॅथोड नीट तापणार नाहीत. म्हणून मध्यम मार्ग ११० व्होल्टचा. त्यावर हीटरला ५.८ ते ५.९ व्होल्ट मिळतात, जे दहा टक्क्यांच्या मान्य मर्यादेत बसते. शिवाय रात्री उशिरा घरातला दाब २४५ पर्यंत चढला, तरी २३० ला ११० देणारा ट्रान्सफॉर्मर ११७ च्या फारसा वर जाणार नाही. बाजारात २३० ला १२० असे गुणोत्तर असलेलेही मिळतात. ते घेऊ नयेत.

हा स्टेप डाउन दोन स्वतंत्र वाइंडिंगचा असावा, ऑटो ट्रान्सफॉर्मर नसावा, हा मुद्दा मी जरा विस्ताराने सांगतो. स्वस्त स्टेप डाउन बहुधा ऑटो प्रकारचे असतात. त्यांत मेन्सचे एक टोक आणि उतरवलेल्या बाजूचे एक टोक एकच असते. घरातल्या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतील (पेठांमधल्या जुन्या वायरिंगमध्ये हे सर्रास आढळते), तर त्या सामाईक टोकावर जमिनीच्या तुलनेत पूर्ण २३० व्होल्ट येतात आणि दुसऱ्या टोकावर १२०. दोन टोकांमधले अंतर मात्र ११०च दिसते, त्यामुळे मीटर लावणाऱ्याला वाटते की सारे ठीक आहे. आता याला जोडून त्या काळच्या अमेरिकन अ‍ॅम्पमधली एक रचना पाहा. मागच्या बाजूला ‘ग्राउंड’ असा एक स्विच असतो, त्याच्यामागे ०.०४७ मायक्रोफॅरडचा, ६०० व्होल्टचा कपॅसिटर मेन्सच्या एका वायरीपासून चासीला जोडलेला असतो. दोन पिनांच्या प्लगच्या जमान्यात हमिंग कमी करण्यासाठी तो घातलेला होता. तो जुना होऊन शॉर्ट झाला, की मेन्सचा दाब चासीवर, चासीवरून गिटारच्या तारांवर आणि तारांवरून वाजवणाऱ्याच्या बोटांत येतो. आणि समोर अर्थ केलेला मायक्रोफोन असला तर ओठांपर्यंत वर्तुळ पूर्ण होते. त्याला ‘डेथ कॅप’ हे नाव उगाच पडलेले नाही.

म्हणून तो कपॅसिटर कापून काढावा, स्विच जागेवर शोभेसाठी राहू द्यावा, आणि तीन पिनांची नवी वायर बसवावी. मूळ वायर तीन पिनांची असली तरी आपल्याकडे येऊन पोचेपर्यंत तिची अर्थची पिन कोणीतरी कापलेली असते, हे तपासून घ्यावे. फेज आधी फ्यूजला, मग स्विचला जावी. अर्थची वायर चासीला स्वतंत्र बोल्टने घट्ट धरावी. ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टखाली अडकवू नये. दोन वाइंडिंगच्या स्टेप डाउनमध्ये उतरवलेल्या बाजूचे एक टोक ट्रान्सफॉर्मरपाशीच अर्थला जोडून त्याला न्यूट्रल करावे, म्हणजे आत काही चासीला चिकटले तर फ्यूज उडेल. दोन्ही टोके तरंगती ठेवली तर तो उडणार नाही. ३०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर या अ‍ॅम्पला पुरून उरतो.

इतके झाल्यावर मुख्य काम, म्हणजे इलेक्ट्रोलिटिक. चासीच्या बाहेरच्या बाजूला पत्र्याच्या एका झाकणाखाली १६ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे पाच कपॅसिटर ओळीने बसलेले आढळतील. आतल्या बोर्डवर २५ मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे कॅथोडचे काही आणि बायसचा (पॉवर व्हॉल्व्हना स्थिर ऋण दाब देणाऱ्या पुरवठ्याचा) एक. डिमरस्टॅटने हळूहळू दाब वाढवून जुने कपॅसिटर ‘जागे’ करण्याची युक्ती अनेक जण सुचवतात. ती इथे दोन कारणांनी लागू पडत नाही. या अ‍ॅम्पमध्ये रेक्टिफायरही व्हॉल्व्हचाच आहे. त्याचा हीटर पुरेसा तापेपर्यंत तो वीज पुढे सोडतच नाही, त्यामुळे डिमरस्टॅट अर्ध्यापर्यंत फिरवला तरी कपॅसिटरवर जेमतेम काही येते, आणि मग थोड्याशा फरकात एकदम बरेच येते. दुसरे असे, की पन्नास वर्षांपूर्वीचा इलेक्ट्रोलिटिक जागा झाला तरी किती दिवस जागा राहील याची शाश्वती नाही. जे संग्रहालयात ठेवायचे आहे त्याची गोष्ट निराळी. आपल्याला वाजवायचे आहे.

नवे घालताना २२ मायक्रोफॅरड, ५०० व्होल्टचे घ्यावेत. १६ च्या जागी २२ घेण्याला आपल्याकडे चांगले कारण आहे : ५० हर्ट्झवर दोन भरण्यांमधला अवकाश मोठा असतो, म्हणून तेवढ्याच कपॅसिटरवर लहर अमेरिकेपेक्षा अधिक उरते. पहिल्या टप्प्यावर दोन समांतर आहेत, त्यामुळे तिथे ३२ चे ४४ होतील. जीझेड३४ हा रेक्टिफायर ६० पर्यंत सहन करतो. आपल्या अ‍ॅम्पमध्ये त्याऐवजी ५यू४जीबी असेल (त्या वर्षांत दोन्ही आढळतात), तर पहिले दोन १६ चेच ठेवावेत. व्होल्टेजच्या बाबतीत ४५० वर समाधान मानू नये. ट्रान्सफॉर्मरची दुय्यम बाजू मध्यापासून दोन्हीकडे साधारण ३३० व्होल्टची असते, आणि ६व्ही६ हे पॉवर व्हॉल्व्ह थंड असताना किंवा काढलेले असताना कपॅसिटरवर ३३० च्या १.४१४ पट, म्हणजे ४६७ व्होल्ट चढतात.

५०० व्होल्टचे, दोन्ही टोकांना तारा असलेले कपॅसिटर तपकीर गल्लीत (पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) सहजी मिळत नाहीत, मागवावे लागतात. थांबायचे नसेल तर ४७ मायक्रोफॅरड, ३५० व्होल्टचे दोन एकापुढे एक जोडून, प्रत्येकावर २२० किलोओहमचा १ वॉटचा रेझिस्टन्स ठेवावा. साडेतेवीस मायक्रोफॅरड आणि ७०० व्होल्ट असा उत्तम संच होतो, फक्त झाकणाखालची जागा आधी मोजून घ्यावी. कोणी पाकीटबंद जुना साठा ‘ओरिजिनल’ म्हणून दाखवला तर तो नाकारावा. व्हॉल्व्ह न वापरता टिकतो, इलेक्ट्रोलिटिक न वापरताच मरतो. बायसचा कपॅसिटर बसवताना त्याचे धन टोक चासीकडे जाते, कारण तो पुरवठा ऋण आहे. सवयीने उलटा बसवला की बायस नाहीसा होतो आणि दोन्ही ६व्ही६ लालबुंद होतात.

पहिली वीज सिरीज लॅम्पमधूनच द्यावी. ६० किंवा १०० वॉटचा तारेचा जुना बल्ब स्टेप डाउनच्या आधी, २३० च्या बाजूला सिरीजमध्ये घालावा. एलईडी बल्बने हे काम होत नाही, म्हणून घरातला एखादा तारेचा बल्ब उरला असेल तर तो जपून ठेवावा. स्पीकर जोडलेला असावा, कारण भाराशिवाय व्हॉल्व्ह अ‍ॅम्प चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये ठिणग्या पडू शकतात. प्रथम नऊच्या नऊ व्हॉल्व्ह काढून वीज द्यावी. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला, तर पॉवर ट्रान्सफॉर्मर शाबूत आहे असे समजावे. तो प्रखरच राहिला तर शॉर्ट ट्रान्सफॉर्मरमध्ये किंवा मेन्सच्या जोडणीत आहे आणि पुढे जाऊ नये. मग रेक्टिफायर, मग छोटे सहा, मग शेवटी दोन ६व्ही६ अशी भर घालत जावे. जी भर घातल्यावर बल्ब भडकेल तिथेच आपला फ्यूज उडवणारा दोष सापडेल. माझा अंदाज विचाराल तर तो पहिल्या कपॅसिटरांत किंवा रेक्टिफायरमध्येच असणार. दबका आवाज, घुमणे आणि नंतर फ्यूज, हा क्रम तिकडे बोट दाखवतो. बल्ब सिरीजमध्ये असताना मोजलेली सर्व व्होल्टेज कमी येतील, ती अंतिम धरू नयेत.

घुमण्याविषयी थोडे अधिक, कारण त्याचा स्वर ओळखता आला तर अर्धे निदान मीटरशिवाय होते, आणि आपण गिटार वाजवता तेव्हा आपला कान तयार आहेच. पूर्ण लहरीचा रेक्टिफायर आपल्याकडे १०० हर्ट्झची लहर देतो. गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी हा स्वर ९८ हर्ट्झचा आहे. म्हणजे हमिंग त्या जीपेक्षा किंचित चढे लागत असेल तर संशय फिल्टर कपॅसिटरवर. त्याच्या एक सप्तक खाली, ५० वर असेल, तर हीटर, कॅथोडकडे गळणारा एखादा व्हॉल्व्ह, अर्थची सैल जोडणी किंवा गिटारची वायर यांच्याकडे पाहावे. उघड्या पाठीच्या बारा इंची स्पीकरमधून ५० हर्ट्झ भरीव येत नाहीत, नुसती थरथर जाणवते, हेही ध्यानात ठेवावे. एक अपवाद महत्त्वाचा : दोन ६व्ही६ पैकी एक कमजोर किंवा मेलेला असला, तर दोघांत एरवी परस्परांना छेदून जाणारी १०० ची लहर छेदली जात नाही आणि कपॅसिटर नवे असूनही अ‍ॅम्प घुमतो. कपॅसिटर बदलून हमिंग गेले नाही म्हणून पुन्हा कपॅसिटरच बदलणारे लोक पाहिले आहेत. त्याऐवजी इनपुटकडून सुरुवात करून छोटे व्हॉल्व्ह एकेक काढावेत, प्रत्येक वेळी अ‍ॅम्प बंद करून. पॉवर व्हॉल्व्हांच्या आधीचा १२एटी७ काढल्यावरही हमिंग तेवढेच राहिले, तर दोष त्याच्या पुढे, म्हणजे पॉवर व्हॉल्व्ह, बायस किंवा पुरवठा यांत आहे.

आता ज्या गोष्टीमुळे पुण्यात आणि कोकणात अशी यंत्रे हैराण करतात त्याकडे वळतो. या अ‍ॅम्पचे सर्व भाग काळ्या फायबरच्या बोर्डवर बसवलेले आहेत. तो बोर्ड मेण लावलेला असला तरी वर्षानुवर्षांच्या पावसाळ्यांत ओल धरतो, आणि ओला बोर्ड थोडी का होईना वीज वाहतो. लक्षणे फसवी असतात : जूनमध्ये खरखर, ऑक्टोबरमध्ये गायब, नॉब फिरवला की खर्रकन आवाज, ग्रिडवर नसायला हवा तो डीसी दाब. दुरुस्ती करणारा बिचारा व्हॉल्व्ह बदलतो, पॉट (नॉबमागचा बदलता रेझिस्टन्स) बदलतो, प्लेटचे रेझिस्टन्स बदलतो आणि पावसाळा संपला की श्रेय शेवटच्या भागाला मिळते. तपासणी सोपी आहे. अ‍ॅम्प चालू असताना मीटरची ऋण दांडी चासीला आणि धन दांडीचे टोक कोणत्याही सांध्यापासून दूर, बोर्डच्या नुसत्या पृष्ठभागावर टेकवावे. कोरड्या बोर्डवर जवळजवळ शून्य दिसेल. काही व्होल्ट दिसले तर बोर्ड गळतो आहे. हेअर ड्रायरने मंद उष्णता, मेण वितळू न देता, थांबून थांबून द्यावी आणि पुन्हा मोजावे. मार्च ते मे हे महिने या कामाला पुण्यात उत्तम. ट्रान्सफॉर्मरचीही ओल तपासावी : सर्व जोडण्या सोडवून प्राथमिक बाजू आणि लोखंड यांमध्ये इलेक्ट्रिशियनकडील ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासण्याचे मीटर) लावावा. आकडा एक-दोन मेगओहमच्या घरात असेल तर वीज देण्याची घाई करू नये. कोरड्या उबदार जागी काही दिवस ठेवून पुन्हा मोजावे.

टप्प्यांना जोडणारे कपॅसिटर, ज्यांना कपलिंग म्हणतात, ते त्या काळच्या या अ‍ॅम्पमध्ये बहुधा निळ्या किंवा तपकिरी आवरणाचे असतात आणि आश्चर्य वाटावे इतके टिकतात. ते बदलू देऊ नका. तपासायचे कसे, तर ६व्ही६ काढून, बाकी अ‍ॅम्प चालू ठेवून दोन्ही सॉकेटच्या पाचव्या पिनेवर, म्हणजे ग्रिडवर, बायस मोजावा. दोन्हीकडे उणे ३५ च्या आसपास आणि परस्परांइतकाच दाब हवा. एका बाजूला तो उणे ३३ वर आला असेल तर तिकडचा कपॅसिटर गळतो आहे. तिथे २२० किलोओहमचा रेझिस्टन्स असल्याने अवघे १० मायक्रोअँपिअर गळले तरी २.२ व्होल्टचा फरक पडतो. असा एखादा निघाला तर तेवढाच बदलावा. रेझिस्टन्सचेही तसेच. कार्बनचे जुने रेझिस्टन्स किंमत वाढवत जातात. प्लेटवरचे १०० किलोओहमचे १३० वर गेले असतील किंवा त्यांतून सतत खरखर येत असेल तर बदलावेत, ११० वर असतील तर राहू द्यावेत. मात्र ६व्ही६ च्या स्क्रीनवरचे ४७० ओहमचे दोन भाजलेले दिसले तर विचार न करता बदलावेत.

नवे किंवा तपासून चांगले ठरलेले ६व्ही६ बसवल्यावर बायस मोजणे अनिवार्य आहे. आठव्या पिनेपासून चासीची वायर सोडवून मध्ये १ ओहम, १ टक्का अचूकतेचा रेझिस्टन्स कायमचा घालावा; त्यावरील मिलिव्होल्ट म्हणजेच त्या व्हॉल्व्हचे मिलिअँपिअर. ६व्ही६ च्या प्लेटची मर्यादा जुन्या मोजणीने १२ वॉट. प्लेटवर ४१० व्होल्ट असतील तर सत्तर टक्के म्हणजे ८.४ वॉट, आणि त्याला ४१० ने भागले तर साधारण २०.५ मिलिअँपिअर. स्क्रीनचा प्रवाहही त्याच वाटेने येतो, म्हणून आकडा २२ दिसला तरी चालेल. दोन व्हॉल्व्हमध्ये तीन-चार मिलिअँपिअरपर्यंतचा फरक मी सोडून देतो. अगदी तंतोतंत जोडी आवाजाला फारशी लाभत नाही, असे माझे मत आहे, जरी विक्रेत्यांचे तसे नसले तरी. १९७० च्या सुमाराच्या काही चासींमध्ये बायसचे पॉट बायस कमी-जास्त न करता फक्त दोन व्हॉल्व्हमधला समतोल बदलते. ते आधीच्या पद्धतीने जोडून घेणे हा एक बदल मी खुशाल करतो. चालू असताना खोलीतले दिवे घालवून पाहावे : काचेवर निळसर झाक दिसली तर घाबरू नये, पण प्लेटचा राखी पत्रा मंद लाल होऊ लागला तर ताबडतोब बंद करावे.

व्हॉल्व्ह सगळे बदलण्याची गरज जवळजवळ कधीच नसते. छोटे व्हॉल्व्ह दीर्घायुषी असतात. काचेच्या आतला रुपेरी डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरलेली आहे, तो टाकून द्यावा. बाकीच्यांना चालू स्थितीत पेन्सिलीने हलकेच टिचकी मारून पाहावे, जो स्पीकरमधून घंटेसारखा वाजतो तो पहिल्या जागेवरून हलवून मागे कुठेतरी बसवावा. आपल्याकडे एक सोय आहे. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने ईसीसी८३ बनवलेले आहेत, आणि ईसीसी८३ म्हणजेच १२एएक्स७, या अ‍ॅम्पमधल्या बहुतेक छोट्या व्हॉल्व्हचा प्रकार. रेडिओ आणि मांडवांतल्या लाउडस्पीकरच्या जुन्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचे सामान बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात अजून अधूनमधून निघते. घेताना चौथी, पाचवी आणि नववी पिन मीटरने तपासून हीटर अखंड आहे का पाहावे. ६व्ही६ मात्र तिथे शोधण्यात वेळ घालवू नये. स्लोव्हाकियात बनणारे आजचे ६व्ही६ या अ‍ॅम्पचा ४०० पार दाब निमूट सोसतात, जुन्या कागदपत्रांतल्या मर्यादेपेक्षा तो बराच अधिक असूनही. ‘जागा सारखीच आहे’ म्हणून कोणी ६एल६ लावायला सांगेल. त्याचा हीटर ०.४५ ऐवजी ०.९ अँपिअर ओढतो, आणि ५० हर्ट्झवर आधीच तापणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर हा भार टाकू नये.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरची थंड तपासणी आपण स्वतः करू शकता. मधल्या टोकापासून दोन्ही प्लेटपर्यंतचा ओहममधला आकडा जवळपास सारखा यावा. दहा-पंधरा टक्के फरक वाइंडिंगच्या रचनेमुळे असतो, तो दोष नव्हे. एखाद्या बाजूला तार तुटलेली निघाली तर पुण्यात वाइंडिंग करणारे चांगले कारागीर आहेत, पण पॉवर ट्रान्सफॉर्मर भरणे आणि आउटपुट भरणे ही निराळी कामे आहेत. आउटपुटमध्ये प्राथमिक आणि दुय्यम थर आलटूनपालटून घालावे लागतात. ते सलग भरले तर अ‍ॅम्प वाजेल, परंतु वरचे स्वर बोथट होतील. कारागिराला हे आधी सांगावे आणि मूळ गाभा कापू देऊ नये. पॉवर ट्रान्सफॉर्मरच जळालेला निघाला तर उलट संधी आहे : २३०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झसाठी मोठ्या गाभ्याचा नवा भरून घ्यावा, म्हणजे स्टेप डाउनची कटकटच संपेल.

रिव्हर्ब आणि व्हायब्रॅटो यांचे काम सर्वांत शेवटी करावे. रिव्हर्बच्या पत्र्याच्या खोक्याची तार बहुधा प्लगपाशी तुटलेली असते. आत जाणाऱ्या बाजूला जेमतेम १ ओहम आणि बाहेर येणाऱ्या बाजूला २०० च्या आसपास मिळाले तर खोके ठीक आहे. व्हायब्रॅटो चालत नसेल तर काळ्या नळीतला निऑन दिवा लुकलुकतो का ते पाहावे. पायाने दाबायचा स्विच जोडल्याशिवाय ते चालू होत नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते. पॉट आणि जॅक यांना इलेक्ट्रॉनिक्सचा काँटॅक्ट क्लीनर वापरावा, बिजागरीचे तेल नव्हे.

त्या गृहस्थांकडे काम द्यायचेच असेल तर चासीची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवा, काढलेला प्रत्येक भाग परत मागा, आणि ट्रान्सफॉर्मरवरचे क्रमांक लिहून घ्या. ६०६ ने सुरू होणारा क्रमांक दिसला तर त्यापुढचा एक अंक वर्षाचा आणि दोन अंक आठवड्याचे असतात. ६०६-०३९ म्हणजे आपल्या अ‍ॅम्पच्या बाबतीत १९७० सालचा ३९ वा आठवडा. ते क्रमांक, खोक्याच्या आत चिकटवलेल्या व्हॉल्व्हच्या तक्त्यावरील सर्किटचे नाव, आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे दोन ओहम, मेगरचा आकडा आणि सगळे व्हॉल्व्ह काढून सिरीज लॅम्प लावल्यावर बल्ब कसा वागला, एवढे कळवलेत तर फ्यूज कशाने उडाला हे बऱ्याच खात्रीने सांगता येईल.